कुलूपबंद इंजिनाची खडखड

गणपतीच्या आठवडाभर आधी कणकवली, कुडाळ, मालवणच्या गॅरेजांत एका जातीची तक्रार हमखास येते. गाडी जुनी असते: पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, क्वचित विलीज घराण्यातली जीप. मालक मुंबईला. गाडी मे महिन्यापासून, नाहीतर मागच्या गणपतीपासून गावच्या पडवीत उभी. सेल्फ मारला, इंजिन लागलं, आणि लागल्याबरोबर आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तीन-चार सेकंद खडखड, कधी त्याहून जास्त, मग सगळं शांत. चाकरमान्याचा प्रश्न ठरलेला असतो: गाडी एक किलोमीटर चालली नाही, मग बिघडली कशी?

प्रश्न रास्त आहे. चालल्याने झीज होते हे कुणालाही पटतं. उभं राहून झीज कशी होईल? गॅरेजातलं उत्तर दोन-तीन शब्दांत आटोपतं, ‘ऑइल खाली बसलां’. ते बरोबरही आहे. पण त्या उत्तरामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा या किनाऱ्यापासून फार दूर घडलेला आहे.

आधी आवाज वेगळे करू. जाणता मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतो. वरून, हेडच्या झाकणाखालून येणारी हलकी टिकटिक टॅपेट आणि रॉकरची. तळातून येणारा जड, घोगरा ठोका मेन बेरिंगचा. अ‍ॅक्सिलरेटर जरा देऊन सोडला की स्पष्ट होतो तो कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचा. थंड असताना वाजतो आणि इंजिन तापलं की विरतो तो सिलिंडरमध्ये सैल झालेल्या पिस्टनचा. या सगळ्यांहून निराळा आणखी एक आवाज आहे, पेट्रोल अवेळी भडकल्याचा. तो फोंडा घाट चढताना, टॉप गिअरमध्ये गाडी ओढायला लावली की किणकिणतो. पडवीत सेल्फ मारताना तो सहसा येत नाही. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात आणि आपण तो जसाच्या तसा उचलला, त्यामुळे ‘नॉकिंग आहे’ म्हटल्यावर एक जण कार्बोरेटर खोलतो आणि दुसरा थेट क्रँककेसच. खर्चात हजारांचा फरक पडतो.

बेरिंगपासून सुरुवात करू. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या आयझॅक बॅबिट नावाच्या सोनाराने कथील, अँटिमनी आणि तांबं यांच्या मऊ मिश्रधातूचं अस्तर दिलेल्या बेरिंगचं पेटंट घेतलं. कडक पोलादी दांडा मऊ धातूत फिरवायचा, म्हणजे कधी घासलंच तर बेरिंग झिजेल, दांडा वाचेल. मोटारगाड्यांच्या पहिल्या काही दशकांत हाच पांढरा धातू वितळवून इंजिनात ओतत आणि हाताने खरवडून बसवत. पुढे तयार शेल बेरिंगं आली, धातूही बदलले, कल्पना तीच राहिली.

पण खरा शोध १८८३ चा. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेरिंगांवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली; तीही उडाली. शेवटी त्याने दाबमापक लावला. बेरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड, आणि काटा २०० च्या पलीकडे गेला. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढत होता आणि त्या तेलावर तरंगत होता. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. वेगात जाणाऱ्या होडीची नाळ पाण्यावर उचलली जाते, तसं हे आहे: वेग आहे तोवर उचल आहे.

चाकरमान्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. तेलाचा तो थर इंजिनात भरून ठेवलेला नसतो, चालतं इंजिन तो क्षणोक्षणी तयार करत असतं. थांबलं की क्रँक आपल्या वजनाने तेल पिळून काढत खाली टेकतो. एका रात्रीत जे तेल राहतं ते सकाळच्या सेल्फला पुरतं. चार महिन्यांत सिलिंडरच्या भिंती, रॉकर शाफ्ट, वरचे मार्ग ओघळून रिते होतात आणि सगळं तेल इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये जाऊन बसतं. खुद्द ऑइल पंपाचे दातेही कोरडे पडतात, आणि कोरड्या पंपाला तेल उचलायला आधी हवा ओढावी लागते. तेवढे सेकंद धातू धातूवर चालतो. आवाज त्याचाच.

जुन्या गाड्यांना हे दुखणं कमी होतं असं म्हणायचा मोह होतो, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ऑइल पंपच नव्हता. फ्लायव्हील तेलात बुडून फिरायचं आणि तेल उडवायचं. त्या गाड्या हँडल मारून चालू करायच्या. इंजिन हाताने फिरवावं लागे तेव्हा ते सावकाश फिरे, आणि ते फिरवताना आतलं काय अडलंय हे मनगटाला कळे. मग १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ आला. हँडलच्या उलट फटक्याने मोडणारे हात वाचले. ही सोय नाकारायचं कारण नाही. पण त्या दिवसापासून इंजिन कुठल्या अवस्थेत आहे हे न विचारता ते एका क्षणात फिरवता येऊ लागलं. आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि जीपबरोबर हँडल बरीच वर्षं येत राहिलं. बॅटरी बसल्यावर वापरायचं म्हणून ते डिकीत पडून असायचं. लांब विश्रांतीनंतरचे पहिले चार फेरे त्यानेच द्यावेत, हे मात्र फार थोड्यांनी पाळलं.

फिल्टरचंही असंच. १९२३ मध्ये अमेरिकेत मोटारीचा ऑइल फिल्टर पेटंट झाला, त्यामुळे इंजिनांचं आयुष्य वाढलं. पण फिल्टर भरल्याशिवाय तेल पुढे जात नाही, आणि उभ्या गाडीत तो हळूहळू रिकामा होतो. म्हणून आजच्या गोल डब्याच्या फिल्टरात तेल परत जाऊ न देणारा रबरी पडदा असतो. स्वस्त फिल्टरात हाच पडदा आधी कडक होतो. पन्नास-शंभर रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आता पडवीतल्या त्या गाडीच्या कुळाकडे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मुंबईत जन्मलं नाही. १९३७ मध्ये फियाटने ५०८ सी नावाची छोटी गाडी काढली. दान्ते जिआकोझा हा तिच्यामागचा मुख्य अभियंता. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, चार सिलिंडर. पुढे १९५३ मध्ये फियाट ११०० नव्या अंगकाठीत आली तेव्हाही इंजिन याच घराण्याचं होतं. १९५४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती गाडी घेतली; १९६४ मध्ये डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ च्या सुमारास पद्मिनी. शतक संपेपर्यंत, म्हणजे साठाहून जास्त वर्षं, तेच माप, तोच पुशरॉड आणि रॉकर. त्यामुळे मालवणच्या पडवीत खडखडणारं इंजिन स्वभावाने महायुद्धापूर्वीचं आहे, मागच्या काचेवर कुठल्याही सालचं स्टिकर असो.

या गाडीचा आणि या किनाऱ्याचा आणखी एक धागा आहे. प्रीमियर १९४४ मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद त्याआधीचे जहाजवाले. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली, आणि १९३९ मध्ये सिंदियाने बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ताब्यात घेतली, जिच्या आगबोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याचे चाकरमानी वर्षानुवर्षं ने-आण करत. म्हणजे आजोबांना गावी आणणारी बोट आणि नातवाची फियाट एकाच उद्योगघराण्याच्या कारभारात येऊन गेली. बोटीचं वेळापत्रक पावसाळ्यात बंद असे. समुद्र खवळला की बंदरं मिटायची आणि दर्यावर्दी माणसं आपापली यंत्रं बांधून ठेवायची. ही शिस्त मोटारीकडे आली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खडखडीचं मूळ तिथे आहे.

किनाऱ्यावर ती शिस्त अजून जिवंत आहे. अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मेअखेर मालवण, देवगड, आचऱ्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि झापांनी शाकारल्या जातात. आऊटबोर्ड इंजिन असेल तर ते सोडवून घरी नेतात. आतलं डिझेल इंजिन असेल तर त्यातलं खारं पाणी काढून गोड पाण्याने धुतात, जुनं तेल टाकून नवं भरतात, आणि काळजी घेणारा तांडेल अधूनमधून क्रँक हाताने फिरवून घेतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या पुन्हा पाण्यात जातात, आणि पहिल्या दिवशी इंजिन ठोके देतं ते डिझेलच्या स्वभावाचे असतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटतं, आणि इंजिन थंड असलं की पेटायला क्षणभर उशीर होऊन साठलेलं सगळं एकदम भडकतं. तो धडधडाट तापल्यावर उतरतो, त्याला घाबरायचं कारण नाही. होडीवाल्याला हा फरक कानाने कळतो, कारण त्याचं पोट त्या इंजिनावर आहे. पडवीतल्या फियाटवर कुणाचं पोट नसतं.

युरोपीय पुस्तकांतल्या सूचना इथे अर्ध्याच कामाच्या, हेही सांगायला हवं. तिकडे गाडी ठेवायची ती हिवाळ्यात. त्यांची काळजी गोठणाऱ्या पाण्याची आणि थंडीत घट्ट होणाऱ्या तेलाची. आपल्याकडे थंडीने तेल गोठत नाही. आपल्याकडे गाडी उभी राहते ती नेमकी पावसाळ्यात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, चिऱ्याच्या ओलसर भिंतीला टेकून, खाऱ्या हवेत. थांबलेल्या इंजिनाचा एखादा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. त्या सिलिंडरमध्ये दमट हवा थेट शिरते आणि भिंतीवर तांबेऱ्याची एक पट्टी धरते, तिथेच पिस्टनच्या रिंगा चिकटतात. सप्टेंबरमध्ये सेल्फ मारला की त्या रिंगा तांबेरा खरवडत निघतात आणि ती पूड तेलात जाते. शिवाय जुन्या तेलात ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्ल असतं. चार महिने ते बेरिंगच्या मऊ धातूवर बसून राहतं. म्हणून तेल गाडी ठेवताना बदलायचं. आपण नेमकं उलट करतो: ‘आता कशाला, गणपतीत बदलू.’

त्यात प्लास्टिकची ताडपत्री. पावसाळ्यात घट्ट गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि उघडीप पडली की आतून घाम धरतो. होडीवरच्या झापांतून वारा खेळतो. ज्यांनी झापांचं छप्पर बाजूला टाकून निळी ताडपत्री आणली त्यांनी होडीवाल्याला एकदा विचारायला हवं होतं.

राहिला पेट्रोलचा आवाज. त्याचं घराणं वेगळं आणि जास्त बदनाम आहे. मिश्रण प्लगच्या ठिणगीने शिस्तीत जळत जाण्याऐवजी शेवटचा भाग दाबाने आपोआप एकदम पेटला की धातू किणकिणतो. १९१० च्या दशकात कॅडिलॅकच्या इंजिनांत हा आवाज यायचा तेव्हा दोष सेल्फवाल्या केटरिंगच्या बॅटरी-इग्निशनवर आला. तो आळ काढायला त्याने माणसं कामाला लावली. त्यातल्या थॉमस मिज्लीने डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचं एक संयुग शोधलं: टेट्राएथिल लेड. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटनला ते घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषाने मेले. तरी पुढची पन्नासएक वर्षं जगभराच्या गाड्या तेच जाळत राहिल्या. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आलं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये.

आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं गेलं तेव्हा जुन्या गाडीवाल्यांत घबराट होती. अ‍ॅम्बेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये शिशाची पूड व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखी उपयोगी पडे, ती गेली. बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते, म्हणजे टिकटिक शांत होते. आवाज गेला म्हणून मालक खूश, आणि व्हॉल्व्ह नीट न मिटून जळायला लागलेला. ज्या गाडीचा टॅपेट पूर्वी वाजायचा आणि आता न दुरुस्त करता गप्प झालाय, ती आधी तपासावी.

मग इथेनॉल आलं. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशाची सरासरी दहावर पोचली, २०२५ मध्ये वीस. कोल्हापूर, सांगलीचा ऊस घाट उतरून असा आपल्या टाकीत येतो. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं आहे, रोजच्या गाडीत तक्रारीला फार जागा नाही. पण ते हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या टाकीची झाकणं श्वास घेणारी असतात. मालवणच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की काही काळाने पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरू शकतात. कार्बोरेटरकडे जाणारी नळी तळातूनच ओढते. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन इथेनॉलबरोबर खाली गेलेलं असतं, त्यामुळे गाडी कशीबशी चालू झाली तरी घाटात किणकिणते. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात हे वेगळंच. ठेवणीच्या गाडीतलं पेट्रोल काढून घ्यावं आणि कार्बोरेटरचा बाऊलही रिता करावा, याला आता पर्याय दिसत नाही.

चुकीच्या उपायांची परंपराही लहान नाही. सर्वांत लोकप्रिय म्हणजे जाड ऑइल. चाळीस ग्रेडचं तेल वाजणाऱ्या बेरिंगमध्ये घातलं की ठोका बोथट होतो, गिऱ्हाईक समाधानाने जातं. पण जाड तेल पंपातून वर चढायला जास्त वेळ घेतं, म्हणजे ज्या चार सेकंदांत नुकसान होतं ते सहा होतात. दुसरा उपाय म्हणजे चालू होताच जोरात रेस करणं, ‘ऑइल चढू दे’ म्हणून. ऑइल चढेपर्यंत तो ठोका दुप्पट जोराने बसतो. जुन्या घडणीच्या सपाट टॅपेटला जस्ताचं जे रसायन जपतं, १९४० च्या दशकापासून इंजिन ऑइलात असलेलं, त्याचं प्रमाण नव्या गाड्यांच्या तेलांत धुरातल्या उत्प्रेरकांसाठी कमी केलेलं असतं. महागडं आधुनिक तेल आणून पद्मिनीत ओतणाऱ्याने डब्याची मागची बाजू वाचावी.

मग करायचं काय? चारही प्लग काढायचे. प्रत्येक भोकात चमचाभर साधं इंजिन ऑइल सोडायचं आणि तासभर थांबायचं. कॉइलची वायर सोडून ठेवायची. गाडी सपाट खळ्यात घेऊन टॉप गिअरमध्ये हातभर पुढे, हातभर मागे ढकलायची, म्हणजे क्रँक सावकाश फिरतो. जिथे अडेल तिथे जोर लावायचा नाही. मग न्यूट्रलमध्ये, प्लग काढलेलेच ठेवून, सेल्फ थोडा थोडा मारायचा. प्लग नसल्याने दाब नाही, बेरिंगवर भार नाही. पद्मिनीचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या गेजचा काटा हलेपर्यंत हे चालू ठेवायचं. त्यानंतर प्लग बसवून गाडी चालू केली आणि तरीही तळातून जड ठोका येत राहिला, तर तो ठेवणीचा आवाज नाही, बेरिंग खरोखर गेलं आहे. चेंबर उतरवावाच लागेल.

आणि शेजाऱ्यांचं. बंद घरांच्या किल्ल्या गावात कुणाकडे तरी असतात; तो माणूस संध्याकाळी दिवाबत्ती करतो, पाऊस शिरलाय का पाहतो. बरेच चाकरमानी त्याला सांगून जातात, आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटं चालू करून ठेव. चांगल्या हेतूने याहून वाईट काम सांगता येणार नाही. पाच मिनिटांत तेल तापत नाही, ज्वलनातलं पाणी उडून जात नाही, ते चेंबरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. आणि दर आठवड्याला एक कोरडा सेल्फ बसतो, पावसाळ्याचे सोळा-सतरा. त्याला किल्ली द्यायची असेल तर गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची परवानगी द्यावी. तेवढा विश्वास नसेल तर बॅटरीची वायर काढून न्यावी आणि त्याला नुसतं ताडपत्रीचं टोक वर बांधून वारा खेळता ठेवायला सांगावं.